गावातल्या घरी संध्याकाळीच नेट का जातं: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि हात कुठे थांबवायचा

सकाळी चालतं, दुपारी चालतं, आणि पोरं अभ्यासाला बसली की नेट जातं. ही तक्रार मी लॉकडाऊनपासून इतक्या वेळा ऐकलीये की फोनवर समोरचा नुसतं "संध्याकाळी" म्हणाला तरी माझे पुढचे प्रश्न आपोआप सुरू होतात. मी इंदूरचा, वायरिंग आणि नेटवर्किंगचं काम करतो, आणि रविवारी देपालपूर, सांवेर, हातोद, सिमरोल, मानपूर या बाजूला जाणं होतं, कारण तिकडे नातेवाईक आहेत, ओळखीपाळखीचे आहेत, आणि एका घरचं नेट नीट केलं की शेजारचे तीन जण ओट्यावर येऊन बसलेले असतात. सगळ्यांचा त्रास जवळजवळ सारखाच असतो म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. बहुतेक वेळा दोष घरातच सापडतो, अॅडॅप्टर, प्लग, राउटरची जागा, नाहीतर कोणाच्या तरी फोनमधलं एखादं सेटिंग, आणि लोक पैसे मात्र घालतात मोठ्या प्लानवर, नव्या राउटरवर, दुसऱ्या सिमवर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ज्या घरात बारावीच्या पोरीसाठी कसंबसं कनेक्शन घेतलंय तिथे असे हजार-दोन हजार वाया गेलेले बघितले की खरंच वाईट वाटतं, म्हणून खाली जो क्रम दिलाय तो फुकटापासून महागाकडे जातो, तो मोडू नका.

आधी लक्षणं, कारण "नेट नाही" या दोन शब्दांत चार-पाच वेगळे आजार असतात.

राउटरचे सगळे दिवे विझतात, पुन्हा लागतात, दोन-तीन मिनिटांनी नेट येतं आणि संध्याकाळभर असं चार-पाच वेळा होतं, तर तो करंटचा आजार. दिवे सगळे जागेवर आहेत, व्हॉट्सअॅपचा साधा मेसेज जातोय पण व्हिडिओ नुसता फिरत बसतो, तर डेटा संपलाय, नाहीतर घरातलं कोणीतरी लाइन खातंय, नाहीतर टॉवरवर गर्दी आहे. राउटरपाशी बसलं की छान आणि आतल्या खोलीत गेलं की शून्य, तर वायफाय. एलओएस (LOS, म्हणजे सिग्नल तुटला) नावाचा दिवा लाल झाला, लुकलुकतोय किंवा तसाच लाल आहे, तर फायबरमधून उजेडच येत नाहीये. पॉनचा (PON, म्हणजे फायबर जोडलेलं असल्याचा) हिरवा दिवा स्थिर आहे पण इंटरनेटचा दिवा लागत नाही, तर लाइन ठीक आहे, प्लान संपलाय किंवा लॉगिन अडकलंय, आणि हे ऑपरेटरला एक फोन केला की पाच मिनिटांत कळतं.

आता पहिलं काम, ज्याला एक रुपया लागत नाही: तीन दिवस वहीत लिहा. किती वाजता गेलं, किती वाजता आलं, कोणता दिवा कसा होता, तेव्हा लाइट झपकली का, घरात कोण काय करत होतं. लोकांना हे रिकामपणाचं काम वाटतं पण माझं अर्धं निदान यातच होतं. देपालपूरच्या पुढच्या एका गावात बारावीला बायोलॉजी घेतलेली एक मुलगी आहे, तिला सांगितलं तर तिने रफ वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं: ७.१० गेलं, ७.१३ आलं, ७.३२ गेलं, ७.३५ आलं, ८.०४ गेलं, ८.०७ आलं. प्रत्येक वेळी बरोब्बर तीन मिनिटं. टॉवरच्या गर्दीला असं घड्याळ नसतं, तीन मिनिटं म्हणजे राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागणारा वेळ. आणि दोन ओळींच्या शेजारी तिने पेन्सिलने एक शब्द लिहिला होता, "मोटर". त्या एका शब्दाने माझी दोन तासांची शोधाशोध वाचली, ते पुढे सांगतो.

वही झाली की डेटा तपासा. ज्या घरात फोनच्या हॉटस्पॉटवर अभ्यास चालतो तिथे रोजचा दीड किंवा दोन जीबीचा प्लान असतो, तो संपला की बहुतेक प्लानमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. नेट पूर्ण बंद पडत नाही म्हणून कोणाला संशय येत नाही, सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात, मेसेजही जातो, पण ४८०पीच्या साध्या व्हिडिओला साधारण १ एमबीपीएस (म्हणजे १००० केबीपीएस) लागतं, म्हणजे उरलेल्या स्पीडच्या पंधरापट. त्या क्वालिटीचा एक तासाचा व्हिडिओ अर्ध्या जीबीच्या आसपास खातो आणि ७२०पी ठेवला तर एक जीबीच्या वर सहज जातो. आता हिशोब करा, दुपारी धाकट्याने कार्टून पाहिलं, मग एक क्लास झाला, की आठ वाजेपर्यंत कोटा खलास. रात्री बारानंतर अचानक सगळं भन्नाट चालायला लागतं हीच याची पक्की खूण. कंपनीच्या अॅपमध्ये आजचा उरलेला डेटा दिसतो, तो सात वाजता बघा. उपायही फुकट आहे, व्हिडिओची क्वालिटी ३६०पी किंवा ४८०पी करून ठेवा, फळ्यावरची अक्षरं तेवढ्यातही वाचता येतात.

यातलाच पुढचा भाग म्हणजे डेटा खातंय कोण. फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला वायफाय म्हणूनच दिसतो, त्यामुळे विंडोजला वाटतं घरी भरपूर नेट आहे आणि ते निवांत अपडेट उतरवायला लागतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये त्या वायफायच्या नावावर जाऊन मीटर्ड कनेक्शन (म्हणजे इथे डेटा मोजका आहे) चालू करा, एवढ्या एका बटणाने काही घरांतली तक्रार संपली आहे. दुसऱ्या फोनमध्येही तेच, प्ले स्टोअरचे आपोआप अपडेट, फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सअॅपचं आपोआप डाउनलोड, तिन्ही बंद.

फायबर असलेल्या घरातही हे बघायचंच, आणि इथे संध्याकाळचं कारण सापडतं. बाबा दिवसभर शेतात नाहीतर मंडीत, सात वाजता घरी आले की त्यांचा फोन वायफायला जोडला जातो आणि दिवसभरातले फोटो-व्हिडिओ गुपचूप वर चढायला लागतात. छोट्या प्लानवर वर जाणारा रस्ता भरला की खाली येणारंही अडखळतं, मग सरांचा आवाज तुटतो, व्हिडिओ कॉल गोठतो. तपासणी सोपी आहे. क्लासच्या वेळी घरातले बाकी सगळे फोन दहा मिनिटं वायफायवरून काढा. सुधारलं तर दोष सापडला, बॅकअप रात्री उशिरा लावायचा.

आता करंट, आणि इथे जरा थांबतो कारण आपल्या माळव्यात सगळ्यात जास्त घरं इथेच अडकतात. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की मोटरी चालू होतात, आणि मोटर सुरू होताना क्षणभर खूप करंट ओढते, त्यामुळे त्या लाइनवर व्होल्टेज खाली बसतं. बल्ब जरासा मंद होतो, पंखा किंचित रेंगाळतो, आपण लक्षही देत नाही. पण राउटरला तेवढं पुरतं, तो रिस्टार्ट होतो, पुन्हा लाइन पकडायला दोन-तीन मिनिटं घेतो. म्हणजे लाइट अर्धा सेकंद झपकली की पोरांच्या क्लासची तीन मिनिटं गेली, आणि गणितात तीन मिनिटांत सर दुसऱ्या उदाहरणावर पोचलेले असतात.

अॅडॅप्टर हातात घ्या आणि त्यावरचं बारीक छापलेलं वाचा. इनपुटपुढे १००–२४० व्होल्ट असेल तर व्होल्टेज बरंच पडलं तरी तो सांभाळून घेतो. पण कंपनीचा जळाला म्हणून बाजारातून आणलेला स्वस्तातला असेल तर त्यावर बऱ्याचदा १८०–२४० लिहिलेलं असतं, किंवा काहीच नसतं, आणि व्होल्टेज दीडशे-एकशे साठवर आलं की तो हात टेकतो. त्या देपालपूरकडच्या घरी हेच झालं होतं, जुना जळाला आणि गावातल्याच दुकानातून मिळाला तो लावला. मी राउटर न जोडता मीटरने मोजलं तर अॅडॅप्टरमधून बाहेर १२.१ व्होल्ट, एकदम ठणठणीत, आणि मीही एक मिनिट चुकलो असतो. मग राउटर जोडलेला ठेवून मोजलं तर साडेदहा, आणि काकांना म्हटलं जरा मोटर चालू करा, तर आकडा माझ्या डोळ्यांसमोर आठच्या खाली गेला आणि राउटरचे दिवे विझले. नवा अॅडॅप्टर जेल रोडवरून आणला, दोनशे-अडीचशेच्या आत, १२ व्होल्ट १ अॅम्पियर, इनपुट १००–२४०. त्यानंतर त्या पोरीच्या वहीत नोंदी बंद झाल्या.

अॅडॅप्टर बदलताना दोन गोष्टी. आउटपुटचे व्होल्ट राउटरच्या स्टिकरवर जेवढे आहेत तेवढेच हवेत, ९ च्या जागी १२ लावलं तर राउटर जाऊ शकतो, पिन तोंडात बसते म्हणून चालतं असं नाही. अॅम्पियर मात्र तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. आणि नवीन घ्यायच्या आधी शेजाऱ्याचा सारखाच अॅडॅप्टर एका संध्याकाळपुरता मागून लावून बघा, म्हणजे तपासणी फुकटात होते. प्लग सैल असेल, एकाच बोर्डावर टीव्ही-फ्रिज-राउटर सगळं लोंबत असेल तर राउटर दुसऱ्या घट्ट सॉकेटमध्ये लावा. एवढ्यानेसुद्धा चाललेली घरं आहेत.

हे सगळं ठीक असेल तर राउटरची जागा बघा. सांवेरजवळ माझ्या आत्याचं सासर आहे, होळकरांच्या काळातला वाडा, दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, उन्हाळ्यात आत गारवा असतो पण वायफायचं काही चालत नाही. राउटर कुठे, तर बाहेरच्या बैठकीत लोखंडी कपाटाच्या आत. आत्या म्हणाली, "अरे, तिथे ठेवला की धूळ बसत नाही, आणि पोरं हात लावत नाहीत." तिचं काही चूक नव्हतं, नाजूक वस्तू कपाटातच ठेवायची ही तिची सवय. पण लोखंडच ते, सिग्नल अडवतं, आणि नातू बसतो दोन खोल्या आत. कपाटातून काढून दारासमोरच्या उघड्या फळीवर, डोक्याच्या उंचीवर ठेवला, तर मधल्या खोलीत लगेच चाललं. सगळ्यात आतल्या खोलीत तरीही नाहीच.

अशा भिंतींसाठी आधी हे करा की फोन-लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवाल्या नावाला जोडा, ५ वाल्याला नाही. ५ चा स्पीड जास्त असतो पण भिंत त्याला झेपत नाही, अभ्यासाला २.४ चा स्पीड पुरून उरतो. तरी झालं नाही तर लॅनची वायर टाका. वाड्यात आम्ही जुन्या झरोक्यातून आत नेली, भिंत फोडावी लागली नाही, चौदा-पंधरा मीटर वायर लागली, आतल्या टोकाला घरात पडलेला जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून आलेलं नेट तिथे वायफायने वाटायला, लावला. लॅनची वायर शंभर मीटरपर्यंत चालते, फक्त शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त मिळते ती थोड्या दिवसांत दगा देते. वायरलेस रिपीटर मात्र लोक भलत्या जागी लावतात. जिथे सिग्नल मेलाय तिथे रिपीटर लावून काय होणार, तो मेलेलाच सिग्नल पुढे ढकलतो, लावायचाच तर मधल्या खोलीत लावा.

वायफाय खराब की लाइन खराब हे ठरवायला लॅपटॉप असेल तर एक छान तपासणी आहे. विंडोजमधलं कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग (ping) लिहा आणि पुढे राउटरचा पत्ता, जो राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१. शेवटी डॅश टी (-t) लावा म्हणजे ते चालू राहतं. दुसऱ्या खिडकीत पिंग ८.८.८.८, हा बाहेरचा, गूगलचा पत्ता. पहिलंच अडखळत असेल तर तुमच्यात आणि राउटरमध्ये गडबड आहे, ऑपरेटरला शिव्या देऊन उपयोग नाही. पहिलं सुरळीत आणि दुसरं तुटतंय तर दोष राउटरच्या पलीकडे, मग फोटो काढून ठेवा, तक्रारीला कामाला येतो.

फायबर असेल तर घरातल्या घरात बारीक वायर कुठून येते ते डोळ्यांनी शोधत जा. तिच्या आत केसासारखी काच असते, उजेड वळणावर सांडतो, त्यामुळे पेटीमागे चेपलेली, खिळ्याला करकचून बांधलेली, दाराच्या फटीत सापडलेली वायर म्हणजे अर्धा उजेड वाया. वळण चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान नको. उंदरांनी कुरतडलीये का बघा, धान्याच्या कोठीजवळून नेली असेल तर नक्की बघा. राउटरमध्ये जिथे घुसते ते टोक हिरवं असेल तर हिरवंच हवं, हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं आणि निळ्याचं सरळ, दोन्ही एकमेकांत घुसतात पण उजेड नीट जात नाही, घाईत आलेल्या पोराने असं जोडून ठेवलेलं मी पाहिलंय. राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवर दिसत असेल तर आरएक्सचा (Rx, म्हणजे आत येणाऱ्या उजेडाचा) आकडा बघा, उणे १५ ते उणे २५ निवांत, उणे २७ च्या पलीकडे गेला तर लाइन कधीही सुटेल. दुपारी ठीक आणि वारा सुटला की खराब, असं असेल तर बाहेर झाडाला बांधलेली केबल हलतेय.

इथे पहिला थांबा. एलओएस लाल आहे आणि घरातली वायर कुठे दाबलेली नाही, तर पुढे काही करू नका. टोक काढून धोतराने-ओढणीने पुसू नका, चरा पडतो. टोकात डोळा घालून उजेड येतो का बघू नका, तो उजेड डोळ्याला दिसतच नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. कापून पुन्हा जोडायला मशीन लागतं, टेपने फायबर जुळत नाही. आणि खांबावर तर कोणीही चढायचं नाही, केबल बहुतेक ठिकाणी लाइटच्या खांबावरूनच आलेली असते. ऑपरेटरचाच माणूस बोलवा.

आता ज्यांच्या गावात फायबर आलेलंच नाही, सगळं फोनच्या सिग्नलवर आहे, त्यांच्यासाठी. काड्यांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मनाने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे सिग्नलचा आकडा असतो, उणे ८५–९० चांगला, उणे १०५ कसाबसा, उणे ११५ म्हणजे नुसता जीव धरून आहे. हा आकडा घेऊन घरभर फिरा, ओसरी, खिडकी, गच्ची, प्रत्येक जागी एक मिनिट थांबून लिहा. पत्र्याचं छप्पर सिग्नल अडवतं, त्यामुळे पत्र्याखाली उणे ११२ आणि पाच पावलांवर खिडकीत उणे ९८ असा फरक मी पाहिलाय. मग फोन खिडकीत ठेवायचा आणि हॉटस्पॉटने आत बसून शिकायचं. फोनवर ऊन पडू देऊ नका, चार्जिंग, हॉटस्पॉट आणि ऊन तिन्ही एकत्र झालं की बॅटरी फुगते.

सिग्नल चांगला आहे आणि तरीही संध्याकाळी रेंगाळतं, तर सकाळी सहाला आणि रात्री आठला त्याच जागी स्पीड टेस्ट करा. दोन्ही वेळा सिग्नलचा आकडा तोच, पण सकाळी १८–२० आणि रात्री १ एमबीपीएस, तर टॉवरवर गर्दी आहे, सगळं गाव एकाच वेळी फोन घेऊन बसलंय, आणि याला घरात काहीही लावून उपयोग नाही. स्पीड टेस्टलाही बराच डेटा जातो, दिवसाला दोनच करा. अशा वेळी रात्री आठला दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याचा फोन मागून तुमच्याच खिडकीत बघा. त्याचं चालत असेल तरच पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला, कारण एकदा नंबर नेला की पुढचे ९० दिवस परत नेता येत नाही, आणि परीक्षेच्या तोंडावर ते तीन महिने फार महाग पडतात.

यापुढचं सगळं पैशाचं. अडचण लाइट जाण्याचीच असेल तर राउटरचा मिनी यूपीएस घ्या, हजार-दीड हजारात येतो, दोन-तीन तास चालतो. पण घ्यायच्या आधी ऑपरेटरला विचारा की त्याच्या गावातल्या डब्याला, जिथून घरोघरी लाइन जाते, बॅटरी आहे का. लाइट गेल्यावर शेजारी ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्याच्या राउटरचा एलओएस बघितला तरी कळतं. त्याचाही लाल होत असेल तर तुमचा यूपीएस नुसता दिवे जळत ठेवेल, नेट येणार नाही. गावातल्या चार घरांनी मिळून ऑपरेटरच्या मागे लागून तिथे बॅटरी बसवून घ्यावी, ते जास्त कामाचं.

सिग्नल कमजोर पण गर्दी नाही, अशा घराला गच्चीवर लावायचा ४जी राउटर किंवा बाहेरचा अँटेना उपयोगी पडतो. अँटेना घेताना राउटरला तो जोडायच्या जागा आहेत का बघा, वायर जितकी लांब तितका सिग्नल वाटेत गळतो, आणि हे काम करणाऱ्याकडूनच करून घ्या, उंच पाइप लावायचा म्हणजे विजेपासून बचाव आणि अर्थिंग आलंच. मोबाइल सिग्नल बूस्टर म्हणून ऑनलाइन डबे मिळतात ते मात्र अजिबात घेऊ नका. परवानगीशिवाय ते लावणं बेकायदेशीर आहे आणि एका घरातल्या बूस्टरने आजूबाजूच्या सगळ्यांचा सिग्नल बिघडतो.

बाकीचे थांबे एका दमात सांगतो. राउटर किंवा बोर्डाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तर मेन बंद करून आधी इलेक्ट्रिशियन, नेट नंतर. अॅडॅप्टर गरम होऊन वास येतोय, तर फेकून द्या, उघडू नका. वीज कडाडायला लागली की राउटरचा प्लग काढा, आणि बाहेरच्या डब्यातून तांब्याची लॅन वायर घरात आली असेल तर तीही काढा, पहिल्या पावसात असे राउटर ढिगाने जातात. राउटरच्या मागचं रीसेटचं बारीक भोक टाचणीने दाबू नका, आत ऑपरेटरचं लॉगिन असतं, ते पुसलं की चालू असलेलंही बंद पडतं आणि मग माणूस येईपर्यंत चार दिवस जातात.

तक्रार करताना नुसतं "नेट चालत नाही" म्हणू नका. एलओएस लाल, साडेसातपासून, घरातली वायर तपासली, अॅडॅप्टर बदलून पाहिला, सकाळचा स्पीड अमुक, रात्रीचा अमुक, असं सांगा, आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मोबाइल कंपनीसाठी १९८ लावा, फुकट आहे. डॉकेट नंबराशिवाय पुढे अपील करता येत नाही. आपल्याकडे सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली, ब्रॉडबँड म्हणून पैसे घेतात आणि रोज त्याच्याही खाली मिळतंय तर ते नोंदवून घ्यायला सांगा.

माणूस येईपर्यंत अभ्यास थांबू देऊ नका. पहाटे पाच-सहाला टॉवर मोकळा असतो, आदल्या रात्रीच्या क्लासचं रेकॉर्डिंग तेव्हा उतरवून ठेवा. दीक्षा अॅपवरची पुस्तकं आणि व्हिडिओ एकदा उतरवले की नेटशिवाय चालतात. आणि घरात डीडी फ्री डिश असेल तर पीएम ई-विद्याचे इयत्तावार चॅनेल लागतात, त्यांना नेट लागतच नाही, कितीतरी घरांत ते कोणाला माहीतच नव्हतं.

काही जागा अशा आहेत जिथे वरचं सगळं करूनही मी हात हलवत परत आलोय. सिमरोलला आयआयटी आहे, आणि तिथून पुढे चोरलच्या बाजूला घाट उतरलात की डोंगराच्या कुशीत अशी घरं आहेत की कुठल्याच कंपनीचा टॉवर त्यांना दिसत नाही, खिडकीत नाही, गच्चीवर नाही. तिथल्या एका अकरावीच्या मुलाला मी स्पष्ट सांगितलं की बाळा, तुझ्या फोनमध्येही दोष नाही आणि घरातही नाही, यावर पैसे घालू नका. अशा ठिकाणी रस्ता पंचायतीतून जातो. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेचं फायबर ग्रामपंचायतींपर्यंत न्यायचं आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झालेत. तुमच्या पंचायतीत केबल येऊन पडलीये का, डबा चालू आहे का, हे सरपंचांना तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या. अर्जात गावात नववी ते कॉलेजपर्यंत किती मुलं आहेत त्यांची संख्या, पालकांच्या सह्या, खिडकीत-गच्चीवर मोजलेले सिग्नलचे आकडे, आणि एवढी एकच मागणी, की घरोघरी लाइन येईपर्यंत पंचायतीची किंवा शाळेची एक खोली संध्याकाळी सात ते नऊ उघडी राहावी, वायफायसकट. त्या मुलाच्या वडिलांनी असा अर्ज दिला, एकवीस सह्या होत्या. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या आणि एक झेरॉक्स घरी ठेवा.